लाँड्रीमागची मोकळी जागा

१८ जानेवारी

दादा,

वस्तीफेरीला आठ दिवस झाले. आभार मानायचे राहिले होते, आणि एक शंकाही आहे, म्हणून लिहिते.

आभार आधी. तू नसतास तर त्या वस्तीत आम्हाला कुणी उभं केलं नसतं. वस्तीच्या समितीचा अध्यक्ष, म्हणजे तू, माझा आतेभाऊ आहेस हे कागदावर यायला हवं, असं मी आमच्या संस्थेच्या साहेबांना आधीच सांगितलं होतं. ते म्हणाले, मग तर बरंच, ओळखीनं दारं उघडतात. मला ते पटलं नाही, पण दारं उघडली हे खरं. चौदा गल्ल्यांमधून आम्ही चाललो आणि प्रत्येक ओट्यावर कुणी ना कुणी गटाराबद्दल बोलायला तयार होतं. न्हावी तर गिऱ्हाइकाला तोंडाला फेस लावून तसाच बसवून आला आणि दोन गल्ल्या आमच्याबरोबर फिरला.

हॉलमध्ये फरशीवर खडूनं काढलेला नकाशा आम्ही कागदावर उतरवला आहे, सोबत पाठवते. रिकाम्या काडेपेट्या ठेवल्या होत्या तिथे आता चौकोन आहेत, एक चौकोन म्हणजे एक घर. नीट पाहा. हा नकाशा वस्तीचा आहे, आमचा नाही. सांडपाणी निवळवायचं लव्हाळ्यांचं तळं कुठे खणायचं, ते यावरूनच ठरणार.

शंका अशी. फेरीत वस्तीचा माणूस पुढे आणि आम्ही मागे, हा नियम मीच केलेला. आपण बोट दाखवायचं नाही, नेतील तिकडे जायचं. त्यामुळे लाँड्रीपाशी तू डावीकडे वळलास तेव्हा आम्हीही वळलो. नकाशावर लाँड्रीच्या मागे आता पांढरा कागद आहे. तिथे कुणी राहत नाही का? वहिनी आणि आत्या त्याच बाजूला असतात असं मला वाटत होतं. आत्याला भेटायचं राहिलंच. तू म्हणालास ती झोपली असेल, आणि मीही फार आग्रह धरला नाही.

तुझी,
मास्तरीण

२५ जानेवारी

मास्तरीणबाई,

तुझं पत्र म्हणजे लहानपणी माझ्या वहीवर मारायचीस त्या लाल रेघा. तेव्हा तू दुसरीत होतीस आणि मी सहावीत, तरी माझ्या चुका काढायचीस. हे नाव मी उगाच नाही ठेवलं.

नकाशा दुकानात आठ माणसांना दाखवला. न्हाव्याचं दुकान शाळेपेक्षा मोठं आलंय, कारण ते त्यानंच काढलं. राहू दे, रुसेल. बाकी सगळं बरोबर. गिरणीवाला म्हणाला, आमची वस्ती इतकी देखणी आहे हे ठाऊक नव्हतं. मी म्हटलं, कागदावर वास येत नाही ना.

लाँड्रीमागचं विचारतेस. चार खोल्या आहेत, आमच्या वडिलोपार्जित जागेत मीच बांधलेल्या, आणि आता कुलूपबंद. धाकटा भाऊ गेल्यावर वहिनी तिच्या माहेरी, भावाकडे राहायला गेली. आईलाही घेऊन गेली. आई अधूनमधून येते, फेरीच्या दिवशी आली होती, थकून झोपली होती. घरातली धुणी नगरपालिकेच्या नकाशावर वाळत घालायची नाहीत म्हणून त्या बाजूला नेलं नाही, एवढंच. मागचं अंगण उतारावर आहे, मोकळं आहे. तळ्याला याहून चांगली जागा तू दिवा घेऊन शोधलीस तरी मिळायची नाही.

वस्तीचा माणूस सांगेल ते लिहायचं, हा नियम तुझाच. मग लिही.

पुस्तकबांधणीचं काम हल्ली बरं चाललंय. डिंक हाताला, हात कपाळाला.

तुझा,
दादा

३ फेब्रुवारी

दादा,

लिहिलं. ‘रहिवास नाही, मोकळी जागा, स्थानिकांच्या सांगण्यानुसार.’

कालच्या बैठकीत तळ्याच्या जागेसाठी एकतीस हात वर झाले, विरोधात एकही नाही. हात वर करण्याआधी बहुतेकांनी तुझ्याकडे पाहिलं. ते मी माझ्या वहीत लिहिलं आहे, अहवालात नाही. अहवालात ‘एकमताने’ असा शब्द आहे आणि तो खोटा नाही.

समितीच्या सह्यांचा कागद सोबत आहे. सह्या करून लवकर पाठव. आत्या पुन्हा आली की मला कळव, मी भेटायला येईन.

तुझी,
मास्तरीण

२ एप्रिल

वन्सं,

तुम्हाला पत्र लिहिण्याची वेळ पहिल्यांदाच येते आहे. हे गेले तेव्हा तुमचं आलं नाही, मग मीही कधी लिहिलं नाही.

सोमवारी सकाळी चार माणसं आली आणि आमच्या अंगणात चुन्याच्या फक्कीच्या रेघा मारायला लागली. एक रेघ माझ्या उंबऱ्यावरून आत गेली आणि शिवणयंत्राच्या पायाशी थांबली. मी गणवेशाच्या चड्ड्यांना काजं करत होते. मी विचारलं, हे काय चाललंय. तो इंजिनिअर माझ्यापेक्षा जास्त दचकला. म्हणाला, बाई, तुम्ही इथे काय करता? मी म्हटलं, सात वर्षं राहते.

मग त्यानं मला नकाशा दाखवला. चांगला काढलाय. न्हाव्याचं दुकान आहे, गिरणी आहे, लाँड्रीच्या दारातला कुत्रासुद्धा आहे. कुत्र्याच्या मागे काही नाही. इथे चार खोल्यांत आम्ही अकरा माणसं राहतो. मी आणि सासूबाई, इस्त्रीवाल्याचं कुटुंब, बर्फाच्या कारखान्याचा वॉचमन आणि त्याची बायको, आणि एक निवृत्त नर्स. तो म्हणाला, “बाई, हे आम्ही नाही काढलं. तुमच्याच लोकांनी काढलंय.”

खाली तुमच्या संस्थेचं नाव आणि तुमची सही होती.

दादा तुम्हाला काय म्हणाले ते मला ठाऊक नाही आणि विचारायचंही नाही. मी भावाकडे गेले असं त्या इंजिनिअरला कुणीतरी सांगितलं होतं, पण मी कुठेही गेलेले नाही. माझ्या भावाची दीड खोली आहे, तिथे मी कुठे राहू, आणि सासूबाईंना तर कुठेच नेलेलं नाही. त्यांच्या गुडघ्यांना आता चार पायऱ्यासुद्धा होत नाहीत. बैठकीचं मला कुणी सांगितलं नाही. सांगितलं असतं तरी मंगळवारी दुपारी शाळेत माल पोचवायचा असतो.

एकच विचारते. फेरीच्या दिवशी भिंतीपलीकडून तुमचा आवाज मी ओळखला होता. सासूबाईंना म्हटलंसुद्धा, वन्सं आल्यात, येतीलच आता. त्यांनी साडी बदलली. तुम्हाला आम्ही इथे आहोत हे माहीत नव्हतं का?

– वहिनी

६ एप्रिल

वहिनी,

तुमच्या प्रश्नाला ‘नाही’ असं उत्तर मी कालपर्यंत मनात तयार केलं होतं. मग त्या दिवसाची वही काढली. मी रोज लिहिते, आणि माझ्याच हातचं असल्यामुळे ते नाकारता येत नाही. त्यात अशी ओळ आहे: ‘लाँड्रीपाशी डावीकडे. मागून शिवणयंत्राचा आवाज. दादा थांबला नाही. नियम.’

म्हणजे ऐकलं होतं. यंत्र तुमचं आहे हेही कळलं होतं. भाऊनं ते घेतलं तेव्हा दुकानात मी बरोबर होते. दादानं नंतर लिहिलं की खोल्यांना कुलूप आहे, आणि मी त्यावर विश्वास ठेवला. खरं सांगायचं तर विश्वास ठेवणं सोपं होतं. भाऊ गेला तेव्हा मी आले नाही. सुरुवातीला प्रशिक्षण होतं, ते महत्त्वाचं होतं असं मला तेव्हा वाटलं. मग महिना गेला, मग वर्ष, आणि मग तुमच्यासमोर उभं कसं राहायचं ते कळेना. दादा डावीकडे वळला तेव्हा मला हलकं वाटलं. नियम माझा होता, त्यानं मला सोडवलं.

आत्यानं साडी बदलली, ही ओळ मी वहीत उतरवून घेतली.

हे सगळं तुमच्यापुढे मांडून काही भरून येणार नाही, हे कळतं. करता येईल ते करते. आज साहेबांना लिहून दिलं आहे की नकाशा अपुरा आहे, लाँड्रीमागे रहिवास आहे, आणि मला ते माहीत असायला हवं होतं. वहीतल्या त्या पानाची प्रत जोडली आहे. काम तूर्त थांबेल. समितीचं पत्र नसताना योजना बदलता येत नाही असं ते म्हणत होते, पण या पानापुढे त्यांना पुन्हा बैठक घ्यावी लागेल, आणि ती तुमच्या अंगणात, तुम्ही सांगाल त्या वारी.

तुमची

२० एप्रिल

मास्तरीणबाई,

कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ. आजवर ही म्हण मी पुस्तकांच्या पुठ्ठ्यांत बांधत आलो, आता घरात पाहिली.

दोन साहेब दुकानात येऊन गेले. गिऱ्हाइकांसमोर विचारलं, तुमची सही आहे ना, मग खोटं का सांगितलं. वीस वर्षं या वस्तीचं पाणी, दिवे, शाळेची भिंत यासाठी खेटे घालणारा माणूस मी. न्हावी आता माझी दाढी करताना बोलत नाही. बोलत नसलेला न्हावी कधी पाहिला होतास?

तू विचारलं नाहीस, तरी सांगतो. भाऊ गेला आणि महिन्याभरात आई आपली वळकटी उचलून मागे वहिनीकडे गेली. भाऊला त्याच्या आजारपणात मी दुकानात येऊ दिलं नाही, हे ती धरून बसली आहे. डिंकाच्या वासानं त्याला खोकला यायचा, डॉक्टरच म्हणाले होते. आई म्हणते, तुला तो नकोच होता, डॉक्टरांचं नाव नंतर सुचलं. तीन वर्षं झाली. चाळीस पावलांवर राहते. नर्सच्या हाताला धरून माझ्या दुकानावरून जाते आणि वर पाहत नाही. मी हाक मारली तर थांबते, पण मान वळवत नाही.

खोल्या गेल्या असत्या तर ती आली असती. दुसरं कुठे जाईल? वहिनीलाही मी रस्त्यावर टाकणार नव्हतो, पलीकडच्या नव्या वसाहतीत खोली मिळाली असती, शब्द घेऊन ठेवला होता. चौदा गल्ल्यांची घाण गेली असती आणि माझी आई घरी आली असती. यात पाप कुठे आहे ते तुझ्या वहीत बघून सांग.

मी एका माणसासाठी केलं. तू कुणासाठी केलंस?

– दादा

१२ मे

वन्सं,

बैठक झाली. तुमच्याऐवजी दुसरा एक तरुण अधिकारी आला होता. तुम्हाला या कामावरून बाजूला केलं असं त्याच्या बोलण्यातून कळलं. वाईट वाटलं, आणि थोडं बरंही वाटलं, खोटं कशाला बोलू.

अंगणातच खडूनं नकाशा काढला. सासूबाई खुर्ची टाकून मध्यभागी बसल्या आणि कुणालाही धड रेघ ओढू देईनात. नळ इकडे नाही तिकडे, अंघोळीची मोरी एवढी मोठी कशाला, राजवाडा आहे का. वॉचमनच्या बायकोनं चुकून त्यांच्या खुर्चीवरच काडेपेटी ठेवली, तर म्हणाल्या, ठेव, मीही घरच आहे. किती दिवसांनी हसल्या.

तळं आता आमच्या अंगणात होणार नाही. उताराच्या खाली, बर्फाच्या कारखान्याच्या कुंपणापलीकडे जागा आहे, तिथे नेणार. समितीची सही लागणारच होती. दादांनी केली. अधिकाऱ्यानं मला वस्तीची प्रतिनिधी म्हणून लिहून घेतलं आणि विचारलं, तुमच्या खाली कुणी राहतं का?

मी नाही म्हणाले.

राहतात, वन्सं. बाटल्या वेचून धुणाऱ्यांच्या पाच झोपड्या आहेत, दोन वर्षं झाली. त्यातली एक बाई माझ्याकडून गणवेश नेते आणि गुंड्या लावून आणते. तिची टीप माझ्यापेक्षा सरळ आहे. मी ‘नाही’ म्हटलं तेव्हा इस्त्रीवाला माझ्याकडे बघत होता, पण तोही बोलला नाही. कुणीच बोललं नाही. पुन्हा अडलं तर रेघ परत आमच्या उंबऱ्यावर येईल, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

तुम्ही स्वतःला सारखे प्रश्न विचारता म्हणून तुम्हाला सांगितलं. दुसरं कुणी नाही ज्याला हे कळेल. मोकळं व्हावं म्हणून लिहिलं आहे. त्याचं काही करू नका.

सासूबाई म्हणतात, तिला म्हणावं एकदा येऊन जा.

– वहिनी

१९ मे

वहिनी,

हे पत्र मिळेपर्यंत तुम्हाला बहुधा कळलेलं असेल, तरी माझ्याकडून कळावं म्हणून लिहिते.

तुमचं पत्र मी तीन दिवस पर्समध्ये घेऊन फिरले. चौथ्या दिवशी सुट्टी टाकून कारखान्याच्या कुंपणापलीकडे गेले. तुमच्याकडे आले नाही. आले असते तर माझ्याच्यानं पुढचं झालं नसतं. पाच झोपड्या आहेत. एक बाई टपात बाटल्या धूत होती. तिला विचारलं, बैठकीचं काही कळलं होतं का. ती म्हणाली, कसली बैठक, आम्हाला उठवणार आहात का. मी काही बोलले नाही, तर तिनं बाटली खाली ठेवली आणि आत जाऊन नवऱ्याला बोलावलं.

मी साहेबांना लेखी कळवलं आहे. तुमचं नाव घेतलेलं नाही, मी स्वतः पाहिलं असंच लिहिलं आहे, आणि तेवढं खरं आहे.

तुम्ही काही करू नका म्हणाला होतात. एकदा ऐकूनही गप्प बसले, त्याचं काय झालं ते तुम्ही भोगलंत. दुसऱ्यांदा तेच केलं असतं तर पहिल्याबद्दल तुमच्याजवळ जे कबूल केलं त्याला अर्थ काय राहिला असता? हे लिहितानाच मला दिसतं आहे की या वाक्यात मी माझ्याबद्दलच बोलते आहे. दुसरं कारण शोधून पाहिलं. ती टपाजवळची बाई हे कारण आहे, पण पहिलं कोणतं होतं ते मला सांगता येत नाही.

शाळेच्या मागे तिसरी जागा आहे, ती तपासा असं मी सुचवलं आहे. साहेब बघू म्हणाले. मला वाटतं निघेल काहीतरी. आत्याला सांगा, मी येते.

तुमची

३० जून

मास्तरीणबाई,

मध्ये मी रागानं लिहिलं, ते विसर. आज राग नाही.

वहिनी तुला लिहिणार नाही, म्हणून मी कळवतो. तिसरी जागा शाळेनं दिली नाही. खालची जागा तुझ्या पत्रामुळे अडली. वरून हुकूम होता की महिनाअखेर खणायला लागा, नाहीतर योजना दुसऱ्या वस्तीला. मग साहेबांनी फाईल उलटी चाळली आणि म्हणाले, पहिल्या नकाशाला एकतीस लोकांची मंजुरी आहे, विरोध शून्य. एवढा सहभाग कुठल्याच कागदावर नाही. तोच घेतला. लाँड्रीमागच्या चारही घरांना पलीकडच्या वसाहतीत खोल्या दिल्या, रीतसर, म्हणजे तक्रारीला जागा नाही. त्या पाच झोपड्या आहेत तिथेच आहेत.

वहिनीला तिसऱ्या मजल्यावर मिळाली. लिफ्ट नाही. शाळेची माणसं माप द्यायला तीन जिने चढत नाहीत म्हणून ती आता तयार कपड्यांच्या कारखान्यात कामाला जाते. यंत्र चढवताना मी हात लावायला गेलो होतो. तिनं लावू दिला नाही. तुझ्यासाठी काही निरोप आहे का असं मी विचारलं, तर नाही म्हणाली.

आईला ते जिने झेपण्यासारखे नाहीत. दोघींचं काय बोलणं झालं मला माहीत नाही. गुरुवारी सकाळी आई स्वतःच्या पायानं आली, वळकटी नर्सच्या हातात. चाळीस पावलांना बराच वेळ लागला. दुकान ओलांडून आत गेली आणि भाऊच्या जुन्या खाटेवर बसली. अजून बोलत नाही. जेवते, औषध घेते, मी समोर आलो की भिंतीकडे तोंड करते. पण घरात आहे. दुपारी आत तिच्या खोकल्याचा आवाज येतो आणि माझा हात डिंकात थांबतो. तुझ्यामुळे आली, हे मी मानतो. तू मध्ये पडली नसतीस तर तळं खाली झालं असतं, आणि आई कधीच आली नसती.

आता काम सांगतो. पुढच्या महिन्यात तळ्याच्या कामाचं उद्‌घाटन आहे. तुमचे साहेब स्वतः आले होते, म्हणाले, स्थानिक प्रतिनिधी म्हणून तुम्हीच बोला, योजना लोकांनी कशी आखली ते लोकांच्याच तोंडून आलं पाहिजे. मला पुस्तकं बांधता येतात, लिहिता येत नाही. तू या कामात मुरलेली आहेस. मला चार ओळी लिहून पाठव. साध्या असू देत, मी बोललो असं वाटलं पाहिजे.

तुझा,
दादा